कुणी एक माणूस

आमच्याकडे वाईट बातमी कुणाच्या तोंडावर मारत नाहीत. शब्द आधी चालत जातो आणि गोष्ट त्याच्या मागून येते, असं आम्ही दिने, अमेरिकेच्या वाळवंटी भागातले मूळचे लोक, मानतो. एखाद्याला सांगायचं असेल की बाबा, साखर अशीच राहिली तर तुझा पाय कापावा लागेल, तर आम्ही म्हणतो, "कुणी एक माणूस असतो. त्याची साखर वाढते. तो गोळ्या घेत नाही. मग त्याच्या पायाचं असं असं होतं." समजणारा समजतो, मान हलवतो आणि दुसऱ्या दिवसापासून गोळ्या घेतो. शब्द कुणाच्या अंगाला लागत नाही.

हे मी एकोणीस वर्षं केलं. दवाखान्याची गाडी घेऊन घरोघर जायचं, रक्तदाब बघायचा, आठवड्याच्या गोळ्या डबीत भरायच्या, आणि डॉक्टरांचं इंग्रजी म्हाताऱ्यांना सोसेल अशा बोलीत उतरवायचं, ही माझी नोकरी. नवे डॉक्टर आले की त्यांना ही रीत शिकवायला मलाच पुढे करत. "लोरेनाकडून शिका," म्हणत. मीही फुशारून जायची. एकदा तर त्याबद्दल नाव कोरलेली लाकडी पाटी मिळाली मला. ती मी आता कपाटामागे टाकली आहे.

मामाचं सांगते. माझ्या आईचा थोरला भाऊ. तो गेला, म्हणून नाव घेत नाही, मामाच म्हणते. आई लवकर गेल्यावर मला वाढवलं ते मामा-मामीनं. त्यांना स्वतःचं मूल नव्हतं. मेंढी कशी सोलायची, गाडीचं चाक कसं बदलायचं, पाहुणा निघाला की त्याच्या हातात काय द्यायचं, हे सगळं मला मामानं शिकवलं.

तरुणपणी तो पिवळ्या मातीच्या खाणीत होता. युरेनियमला आमच्यात तेच नाव आहे, पिवळी माती. सुरुंग उडाला की धुरळा खाली बसायच्या आत मुकादम त्यांना आत पिटाळायचा. तहान लागली की भिंतीतून झिरपणारं पाणी टोपीत धरून प्यायचं. "काय गार असायचं सांगू!" मामा अजून चवीनं सांगायचा. खाण बंद पडून पन्नास वर्षं होत आली. कंपनी गेली, दगडमातीचे ढीग तेवढे टेकडीच्या कुशीला टाकून गेली, आणि त्या ढिगांच्या खालच्या अंगाला आमची पवनचक्कीची विहीर. विहिरीच्या टाकीवर कुणा सरकारी माणसानं लाल रंगात लिहिलं होतं, 'फक्त जनावरांसाठी'. मामा म्हणायचा, "मुकादम मला जनावरच म्हणायचा. म्हणजे चालतंय की आपल्याला."

त्या वर्षी दवाखान्यानं विहिरींच्या पाण्याची आणि ते पिणाऱ्यांची तपासणी केली. मामाला तेव्हा चढावर चालवेनासं झालं होतं. मेंढवाड्यापर्यंत गेला तरी दोनदा थांबायचा. "छातीवर मेंढी बसलीय आणि उठायचं नाव घेत नाही," म्हणायचा आणि हसायचा. सप्टेंबरात त्याचे निकाल आले. डॉक्टर हॅलोरन म्हणून तरुण बाई होती, मनानं चांगली, जिभेनं सरळसोट. तिनं मला दार लावून बसवलं.

"युरेनियम खूप आहे, आर्सेनिकही आहे," ती म्हणाली. "लोकांना वाटतं, याचा धोका म्हणजे फक्त कॅन्सर. तसं नाही. रक्तवाहिनीला आतून पातळ अस्तर असतं. खाणीतल्या किरणांनी ते तेव्हाच दुखावलं असणार. त्यावर रोज हे पाणी. हे धातू त्या अस्तराला स्वस्थ बसू देत नाहीत. ते सुजतं, कडक होतं, मग त्यावर थर चढतात. हृदयाच्या दोन मोठ्या नसा जवळजवळ बुजल्यात."

"त्या उघडता नाही येणार?"

"मूत्रपिंडं इतकी थकलीत की शहरातले डॉक्टर हात लावायला तयार नाहीत. जुनं मला पुसता येत नाही, लोरेना. रोजची भर तेवढी थांबवता येईल. ते पाणी आजपासून बंद. गोळ्या वेळेवर. आणि जड काही उचलायचं नाही, अजिबात नाही. हे पाळलं तर काही वर्षं मिळतील. नाही पाळलं तर वर्षसुद्धा नाही." मग तिनं विचारलं, "त्याला नीट समजेल असं सांगशील ना?"

"ते माझ्यावर सोडा," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा मामी जाड भाकऱ्या थापत होती. पातेल्यात मटण शिजत होतं आणि चुलीवर कॉफी, अर्थातच पवनचक्कीच्या पाण्याची. शहरातल्या पाण्याला औषधाचा वास येतो, त्याची कॉफी म्हणजे दवाखाना उकळून प्यायल्यासारखी, असं मामीचं मत होतं. मी आधी जेवले. जेवणाआधी असल्या गोष्टी काढत नाहीत. मग म्हणाले, "मामा, कुणी एक माणूस आहे."

मामानं कप खाली ठेवला आणि नीट ऐकायला बसला.

"तो तरुणपणी खाणीत होता. तिथली धूळ त्याच्या रक्तात गेली. त्याच्या नसा आतून भाजल्या. आणि आता तो ज्या विहिरीचं पाणी पितो ना, तिच्यातही पिवळी माती उतरलीय. डॉक्टर म्हणतात, त्यानं ते पाणी प्यायचं थांबवलं नाही तर त्याचं हृदय चालायचं थांबेल. त्यानं ओझंही उचलू नये."

"अरेरे," मामी म्हणाली. "आपल्या बाजूचाच आहे का गं?"

"हो, इथलाच."

"वय काय असेल?" मामानं विचारलं.

"तुझ्याच वयाचा."

मामा खिडकीतून बाहेर बघत होता. मग म्हणाला, "त्याला चांगलं पाणी मिळायला हवं."

"मिळेल. दर शनिवारी मी स्वतः आणीन. इथेच आणून ठेवीन."

"आण. बाकीचं मी बघतो. त्या माणसाला म्हणावं, घाबरू नकोस."

मला भरून आलं. आमच्यात माणूस असंच कबूल करतो, आडून, स्वतःला तिसरा करून. मला वाटलं, समजलं याला, आणि किती शांतपणे घेतलं यानं! घरी जाताना गाडीत रडले मी, आणि खरं सांगायचं तर थोडी खूशही होते. एवढी अवघड गोष्ट मी किती हळुवार सांगितली, असं वाटत होतं. त्या खुशीची मला आज शिसारी येते.

त्या शनिवारपासून सुरू झालं. तीस मैलांवर पाणी भरायची जागा आहे. तिथून आठ निळे कॅन भरून आणायचे, ओळखायला प्रत्येकाच्या मुठीला लाल पट्टी लावलेली, आणि मामाच्या दाराशी उतरवायचे. मामाला मी एकालाही हात लावू द्यायची नाही. "तू बैस, मी करते," म्हणायची. तो बाकावर बसून माझी थट्टा करायचा. "खेचर बरं आहे आमचं, दवाखान्यात शिकलेलं." पुढच्या शनिवारी आठच्या आठ कॅन रिकामे, धुऊन, उलटे घालून ठेवलेले असायचे. मला केवढं समाधान वाटायचं!

डिसेंबरात पुन्हा तपासणी झाली. मामाला सोबत म्हणून मामीनंही नमुने दिले. मामाचा निकाल लवकर मागवला होता. तो काही उतरला नव्हता, उलट थोडा चढलाच होता. पाय सुजलेले, रक्तदाब वर.

"तो अजून तेच पाणी पितोय," डॉक्टर हॅलोरन म्हणाली.

"नाही पीत. कॅन मी बघते ना रिकामे."

"कॅन रिकामे होणं आणि त्यानं पिणं या दोन गोष्टी आहेत. तू त्याला नक्की काय सांगितलंस?"

मला राग आला. काल आलेली ही पोर मला माझ्याच लोकांशी बोलायला शिकवणार! मी म्हणाले, "डॉक्टर, तुमच्या यंत्राची चूक असेल." तिनं मान खाली घातली. एवढ्यानं ती गप्प बसली, कारण मी तिलाच तर शिकवलं होतं की बोलण्याच्या बाबतीत लोरेनाचं ऐकायचं. त्या दिवशी भांडली असती माझ्याशी, तर बरं झालं असतं.

मार्चात माझ्या जोडीचा हॅरिसन बाळंतीण बायकोपाशी रजेवर गेला आणि कोरड्या ओढ्यापलीकडची त्याची घरं माझ्याकडे आली. तिथे विल्फर्ड राहतो, मामाचा आतेभाऊ. दोघं एकाच खाणीत होते. आमच्यात आतेभावाची टिंगल करायला पूर्ण मुभा, आणि हे दोघं ती साठ वर्षं वापरत आले होते. विल्फर्डची बायको गेलेली, माणूस वाळका, तोंड सदा पाडलेलं. पाहणाऱ्याला वाटावं, हा आज-उद्याचा सोबती. मी गाडीतून उतरले आणि दारातच थबकले. भिंतीला ओळीनं आठ निळे कॅन. मुठीला लाल पट्ट्या.

"ये पोरी, ये!" विल्फर्ड बाहेर आला. "शेवटी आलीस एकदाची. तुझं पाणी पिऊन बघ कसा झालोय!"

"माझं पाणी?"

"मग कुणाचं? तुझा मामा आणतो ना दर रविवारी. म्हणाला, पोरीला डॉक्टरांनी सांगितलंय, पण पोर वळणाची आहे, तुझं नाव घेत नाही. तोही शहाणा आडूनच बोलत होता. कुणी एक माणूस आहे, त्याचं हृदय असं, त्याच्या नसा तशा. मी म्हटलं, अरे गाढवा, समजलं मला. तुझ्यासारखा मठ्ठ नाही मी."

माझ्या हातातली पिशवी खाली पडली. "कॅन कोण उतरवतं?"

"तोच. मला हात लावू देत नाही. म्हणतो, तुला ओझं मना आहे."

वीस-वीस किलोचे आठ कॅन. गाडीत चढवायचे, ओढा ओलांडायचा, इथे उतरवायचे, आणि रिकामे परत न्यायचे. दर रविवारी, साडेपाच महिने. डॉक्टरनं ज्या माणसाला भरली बादली उचलू नको म्हटलं होतं, तो हे करत होता, आणि मी त्याला दर आठवड्याला नवं ओझं आणून देत होते.

"आणि मामा स्वतः काय पितो?" मी विचारलं. उत्तर मला माहीत होतं.

"तो? त्याला काय धाड भरलीय! पवनचक्कीचंच. म्हणतो, तुझ्यासारख्या मरतुकड्याला लागतं शहराचं पाणी."

तिथून मामाचं घर दहा मिनिटांवर आहे. गाडी कशी चालवली, आठवत नाही. मामा बाकावर बसला होता, हातात कप. मामी लोकर विंचरत होती. मी दारातूनच बोलले. तोंड धुतलं नाही, बसले नाही, खुशाली विचारली नाही.

"मामा, तो माणूस तू आहेस."

मामीचा हात थांबला.

"विल्फर्डला काही झालेलं नाही. तूच आहेस तो. तुझ्या हृदयाच्या नसा बुजल्यात. ते पाणी सोडलं नाहीस तर तू मरशील. तू, मामा. दुसरं कुणी नाही."

"तोंड आवर!" मामी किंचाळली. "कुणाला बोलतेस, कळतंय का तुला? ज्याचं खाल्लंस त्याला?"

"कळतंय मामी. आधीच बोलायला हवं होतं."

मामाच्या चेहऱ्यावर राग नव्हता. एवढा मोठा माणूस, पण कुणीतरी एकाएकी कानाखाली मारल्यावर मूल जसं बघतं तसा माझ्याकडे बघत होता. त्यानं कप हळूच जमिनीवर ठेवला आणि जरा लांब सरकवला.

"मला वाटलं विल्फर्ड," तो म्हणाला. "त्याचं तोंडच तसलं आहे."

हसायला हवं होतं आम्ही. कुणी हसलं नाही.

त्या दिवसापासून त्यानं सगळं ऐकलं. कॅनमधलं पाणी प्यायला, गोळ्या वेळेवर घेतल्या, मीठ सोडलं. कसला हट्ट नाही, थट्टा नाही. मेंढ्यांकडे जायचं बंद केलं. मी गेले की विचारायचा, "आज काय म्हणाले डॉक्टर? सरळ सांग." मी सरळ सांगायची. तो मान हलवायचा, आणि प्रत्येक वेळी मला तो थोडा बारीक झालेला दिसायचा. रात्री झोपत नाही, छतावर डोळे लावून पडलेला असतो, असं शेजारची म्हणाली. मामी माझ्याशी बोलत नव्हती. शब्द उतरवायला विधी करायला हवा, असं तिनं निरोपानं कळवलं. मी लगेच हो म्हटलं. विधी करणारे म्हातारे गृहस्थ फार लांब राहतात. त्यांनी महिनाअखेरचा दिवस दिला.

अकराव्या दिवशी पहाटे मामा गेला. अंथरुणात नाही. मेंढवाड्याजवळ फांद्यांची उन्हाळी छपरी आहे, तिच्यात. मार्चातली पहाट, जमिनीवर हिमाचा पातळ थर, आणि तो आपला चांगला कोट घालून, केस बांधून, निळ्या खड्यांची माळ गळ्यात घालून खांबाला टेकून बसला होता. सूर्याकडे तोंड करून. दारापासून तिथपर्यंत त्याच्या पावलांच्या खुणा होत्या. मधे चार ठिकाणी तो थांबला होता, तेही दिसत होतं.

आमच्यात माणूस ज्या घरात मरतो त्या घरात मग कुणी राहत नाही. ते सोडून द्यायचं, उजाड होऊ द्यायचं. मामीला हे घर सोडावं लागू नये म्हणून तो बाहेर गेला. माझ्या शब्दावर त्याचा विश्वास होता, इतका की कपडे करून शब्दामागून येणाऱ्या गोष्टीची वाट बघत बसला.

डॉक्टर हॅलोरन स्वतः घरी आली. माझा हात धरून म्हणाली, "पन्नास वर्षं लागली त्या नसा बुजायला. तुझ्या एका वाक्यानं काही झालेलं नाही. उलट आधी सांगितलं असतंस तर..." आणि तिथेच थांबली. पोर हुशार आहे, पुढचं गिळलं तिनं. पण तिचं ते अर्धं वाक्य माझ्यापाशी राहिलं. आडून बोलले म्हणून तो पाणी पीत राहिला, ओझी वाहत राहिला. सरळ बोलले तर अकरा दिवसांत उठून बाहेर गेला. नसांचं गणित मला समजतं. मीच ते गावभर सांगत हिंडते. पण छपरीतला तो कोट आठवला की त्या गणितानं माझं भागत नाही. मी त्याला दोनदा मारलं असं मला वाटतं, आणि कुणी कितीही समजावलं तरी वाटायचं थांबत नाही.

मामी तेव्हा एकच बोलली, तेही माझ्याकडे पाठ करून. "माझ्या शेजारी झोपेत गेला असता. घर गेलं असतं तर गेलं असतं. थंडीत एकटा तर बसला नसता."

मे महिन्यात मामीचा निकाल आला. डिसेंबरात मामाच्या सोबतीनं दिलेला नमुना. मामाचे खाणीतले कपडे झटकलेत तिनं, धुतलेत, आणि पन्नास वर्षं तेच पाणी प्यायलीय. डॉक्टरनं लिफाफा माझ्या हातात दिला आणि काही विचारलं नाही. मी तो घेऊन गेले. माझी गाडी दिसली तशी मामी उठली, दाराबाहेर आली आणि छपरीकडे चालू लागली. मधे एकदा थांबली, छातीवर हात ठेवून. मग पुन्हा चालू लागली.

"मामी, एवढं ऐकून घे," मी मागून म्हणाले.

"काही बोलू नकोस," ती म्हणाली. "सरळ नको आणि आडून नको."

तेव्हापासून असंच आहे. मी दर शनिवारी जाते, ती बाहेर जाऊन बसते, मी निघेपर्यंत येत नाही. आठ कॅन मी दाराशी ठेवते. ते पाणी ती मेंढ्यांना घालते. चुलीवरच्या कॉफीला मात्र पवनचक्कीचं.